पुढच्या फळीवरचं वजन

ग्रॅमसाहेबांनी स्वयंपाकघराच्या चौकटीला खिळा ठोकला, त्याला स्प्रिंगचा काटा अडकवला आणि काट्याच्या आकड्याला होडीचा नांगर लटकवला. नांगर दाराच्या बरोबर मध्ये लोंबकळायला लागला. आत त्यांची बायको उभी होती, हातात चहाचे दोन कप घेऊन. बाहेर जेवणाचं टेबल होतं, आणि मध्ये चार किलो लोखंड स्वतःभोवती सावकाश फिरत होतं.

"बाजूला करा ते."

"थांब, स्थिर होऊ दे."

"चहा निवतोय."

"चार किलो दोनशे," ते म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढून वहीत लिहू लागले. "दोरीसकट. दोरी ओली झाली की आणखी तीनशे ग्रॅम धरायला हवेत."

ती अंग चोरून नांगराच्या बाजूने बाहेर आली. जायला इतकी थोडी जागा होती की तीन महिन्यांपूर्वी तिला तिथून जाता आलं नसतं. हे तिच्या लक्षात आलं आणि ती आणखीच वैतागली. ती कप टेबलावर ठेवायला गेली, तर टेबलावर जागा कुठे होती? एका टोकाला जेवणाचा डबा होता, रिकामा. त्याचं वजन झालं होतं. त्याच्या शेजारी पाण्याचा कॅन होता, भरलेला. त्याचंही झालं होतं. दोन गळ, एक छत्री, पाण्यात बुडू नये म्हणून घालायची दोन जॅकेटं, आणि ग्रॅमसाहेबांचे रबरी बूट. प्रत्येकावर आकडा लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती.

"आता फक्त तू राहिलीस," ते म्हणाले. "तुझं वजन किती?"

"कशाला हवंय?"

"मोटरीला."

"मोटरीला सांगा, बायकांना वजन विचारत नसतात."

या माणसाने एकतीस वर्षं मालट्रकांच्या वजनकाट्यावर काढली होती. समोरून येणारा ट्रक मागच्या चाकांवर किती बसलाय एवढं बघून आत किती माल आहे ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचे. तरीही ट्रक काट्यावर घेतल्याशिवाय पावतीवर आकडा लिहायचे नाहीत. वीस टनांच्या धंद्यात पाच-दहा किलोंवरून वाद घालणारा हा माणूस ड्रायव्हर लोकांच्या इतका डोक्यात जायचा की त्यांनीच त्याचं नाव ग्रॅमसाहेब ठेवलं. निवृत्त झाल्यावर ट्रक मागे राहिले. नाव आणि खोड मात्र ते घरी घेऊन आले.

गावाबाहेरच्या तलावावर त्यांची एक लाकडी होडी होती. दर रविवारी सकाळी ते वल्ही मारायचे आणि ती पुढच्या फळीवर पाय पसरून बसायची. मासे क्वचितच मिळायचे, पण त्याचं दोघांनाही फारसं काही नव्हतं. मग त्यांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी सांगितलं, वल्ह्याला हात लावायचा नाही. तेव्हा होडीच्या मागच्या बाजूला अडकवायची, बॅटरीवर चालणारी छोटी मोटर घ्यायचं ठरलं. आवाज नाही, धूर नाही, हळूहळू पुढे जाणारी. दुकानात तीन मापं होती: तीस, चाळीस आणि पंचावन्न पाऊंड रेट्याची, म्हणजे होडी ढकलायच्या जोराची. चपलेचा नंबर सांगावा इतकं सोपं काम. शहाणा माणूस अर्ध्या तासात घेऊन घरी आला असता.

ग्रॅमसाहेबांना पंधरा दिवस झाले होते.

त्यांचा हिशोब तिला आता पाठ झाला होता. होडीचं वजन, माणसांचं वजन, बॅटरी, मोटर, सामान, सगळं मिळवून किलोंचे पाऊंड करायचे. दर शंभर पाऊंडांना दोन पाऊंड रेटा. पण तो वारा पडलेला असेल तर. वारा समोरून आला की तेवढ्याने होडी जागची हलत नाही, म्हणून दुप्पट. मोटर लहान पडली तर तलावाच्या मध्यावर अडकायचं. उगाच मोठी घेतली तर ती बॅटरी खाते, आणि दुसरी बॅटरी उचलायला आता खांदा कुठला आणायचा? हे सगळं तिला सकाळी दात घासताना ऐकावं लागे, दुपारी मशीनवर बसली की ऐकावं लागे, आणि प्रत्येक वेळी शेवट एकच. "तुझं वजन किती?"

तिने घरात शिवणाचं काम ठेवलं होतं. लोकांचे कपडे सैल करून देणं, घट्ट करून देणं, उंची कमी करणं. गेल्या तीन महिन्यांत तिने स्वतःचे सगळे कपडे दोनदा आत घेतले होते. इतके बेमालूम, की शेजारणीने "बारीक झालीस गं" म्हणायच्या ऐवजी "कपडे छान बसतात तुला" म्हटलं होतं. न्हाणीघरातल्या वजनाच्या काट्याने तिला आधी अठ्ठावन्न दाखवलं, मग पंचावन्न. बावन्न दाखवलं त्या दिवशी तिने त्यातले सेल काढले, बटणांच्या डब्यात टाकले आणि काटा बिघडलाय असं जाहीर केलं. काट्यांवर हयात घालवलेल्या माणसाने तो उघडूनसुद्धा पाहिला नाही. "असेल बिघडला," एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी हा स्प्रिंगचा काटा विकत घेऊन आले. त्या स्प्रिंगच्या काट्याला बायको लटकवता येत नाही, हे त्यातल्या त्यात नशीब.

डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट दोन बोटांनी दाबून पाहिलं होतं आणि दाबताना बोलायच्या थांबल्या होत्या. मग एक कागद लिहून दिला. तपासणी शुक्रवारी. "एकट्या येऊ नका," त्या म्हणाल्या होत्या, "कुणाला तरी बरोबर आणा." कुणाला तरी म्हणजे कुणाला? मुलं नव्हती, बहीण दूर होती. माणूस एकच होता आणि तो ओल्या दोरीचं वजन करत बसला होता.

तिला भीती वाटत होती. सरळ, साधी भीती. आणि भीतीपेक्षा राग जास्त येत होता. रस्त्यावरचा ट्रक दोनशे किलोंनी हलका असला तर ज्याला नुसत्या नजरेने कळायचं, त्याला समोर बसून जेवणारी बायको बारा किलोंनी उतरलेली दिसत नव्हती.

सांगायचा तिने प्रयत्न केला नव्हता असं नाही. गेल्या आठवड्यात जेवताना ती म्हणाली, "मला जरा बोलायचंय तुमच्याशी."

ग्रॅमसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली, वही मिटली आणि चष्मासुद्धा काढला. "बोल," ते म्हणाले.

चष्मा काढल्यावर त्यांचे डोळे फार लहान आणि म्हातारे दिसायचे. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि जिभेवर आलेलं गिळलं.

"नळ गळतोय न्हाणीघरातला."

मग त्यांनी चष्मा घातला, वही उघडली. "बघतो," म्हणाले. आणि दोष अर्थातच मोटरीचा. ती मोटर नसती, ती वही नसती, तर तिने नक्की सांगितलं असतं, असं तिने स्वतःला बजावलं. असं आणखी दोनदा झालं. एकदा दाराची कडी नीट लागत नव्हती, एकदा दिवा गेला होता. ग्रॅमसाहेबांनी तिन्ही गोष्टी दुरुस्त करून दिल्या.

आज बुधवार होता. तिने कप उचलला, निवलेला चहा एका घोटात संपवला आणि म्हणाली, "उठा."

"कुठे?"

"दुकानात. आज ती मोटर घेऊनच यायची. तीस घ्या, चाळीस घ्या, तीनशे घ्या, पण आज ही ब्याद संपवा. माझ्या डोक्याला ताप झालाय नुसता."

मोटर एकदाची घरात आली की हे घर शांत होईल, आणि घर शांत झालं की सांगता येईल, असा तिचा बेत होता. शुक्रवारला दोनच दिवस उरले होते.

दुकान लांबट होतं आणि आत रबराचा नि रंगाचा वास होता. भिंतीवर नारिंगी जॅकेटं टांगलेली, कोपऱ्यात दोरांची मोठी मोठी रिळं, आणि मध्ये एका लाकडी फळीवर ओळीने अडकवलेल्या मोटरी. खाली छोटे पंखे, वर हातात धरायचे दांडे. साखळदंड वजनावर विकला जायचा, त्यासाठी जमिनीवर एक चौकोनी काटा ठेवलेला होता. ग्रॅमसाहेब आत शिरले तसा दुकानदाराने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा कपाळावर ढकलला.

"या, काका," तो म्हणाला. मग मागे ती दिसली आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे वा, काकू! तुम्ही आलात ते फार बरं झालं. आता तुम्हीच समजवा यांना. मी तर हात टेकले."

"मी पंधरा दिवस टेकलेत," ती म्हणाली. "यांना कुठली बसेल ती बांधून द्या."

ग्रॅमसाहेबांनी वही काउंटरवर उघडून ठेवली. दुकानदाराने एक उसासा टाकून कॅल्क्युलेटर पुढे ओढला. होडी एकशे चाळीस. स्वतः ग्रॅमसाहेब अठ्ठ्याहत्तर. बॅटरी सत्तावीस, मोटर बारा. सामान सगळं मिळून चौतीस, त्यात दोरी ओली धरलेली. दुकानदार मुकाट्याने बटणं दाबत होता.

"झालं. आता काकूंचं तेवढं राहिलं. अंदाजे सांगा हो काकू, वीस ग्रॅमने काही होडी बुडत नाही."

"चौसष्ट," तिने तीन महिन्यांपूर्वीचं वजन सांगितलं.

त्याने बटणं दाबली. "एकतीसच्या थोडं वर. म्हणजे तीस कमी पडणार, चाळीस घ्यायची. संपलं! बघा, होतं का काही कठीण?"

"चौसष्ट नाहीये," ग्रॅमसाहेब म्हणाले.

ते वहीकडेच बघत होते.

"मग किती आहे?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "तुम्हाला माहितीये ना? मग तुम्हीच सांगा की!"

"मला माहीत नाही. म्हणून तर विचारतोय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्या माणसासमोर, दोरांच्या आणि साखळदंडांच्या मध्ये उभं राहून हा माणूस तिला खोटं पाडत होता, आणि तेही कशासाठी, तर दहा पाऊंड रेट्यासाठी. तिने चपला काढल्या, त्या काट्याशी गेली आणि त्यावर उभी राहिली. खांद्याला पिशवी होती तशीच.

"घ्या! बघा! एकदाचं बघा आणि लिहा त्या वहीत!"

काट्यावरचे लाल आकडे धावले आणि थांबले. पन्नास पूर्णांक दोन.

ग्रॅमसाहेब जवळ आले. काटा नीट समतोल बसलाय का ते त्यांनी वाकून पाहिलं. मग तिच्याकडे न बघताच हात पुढे केला.

"पिशवी," ते म्हणाले.

तिला त्यांच्या डोक्यात ती पिशवीच घालावीशी वाटली. त्याऐवजी तिने ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पोटाशी धरली. आकडे पुन्हा हलले.

अठ्ठेचाळीस पूर्णांक आठ.

तिने स्वतःसुद्धा हा आकडा पाहिला नव्हता. बावन्ननंतर तिने पाहायचंच सोडलं होतं. ती त्या लाल आकड्यांकडे बघत उभी राहिली आणि खाली उतरायचं विसरली.

दुकानदाराला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. त्याने नवा आकडा घालून पुन्हा हिशोब केला आणि खूश होऊन कॅल्क्युलेटर उचलून दाखवला. "एकोणतीस पूर्णांक नऊ! म्हणजे तीसचीच चालेल. काकू, तुम्ही तर काकांची दहा पाऊंडांची सुटका केलीत! उगाच वजन वाढवून सांगत होतात. आमच्याकडे लोक कमी करून सांगतात."

ग्रॅमसाहेबांनी वहीत काहीच लिहिलं नाही. पेन्सिल त्यांच्या हातात होती, पिशवी काखेत होती.

"चाळीसचीच द्या," ते म्हणाले.

"अहो काका, पण आता तर तीस..."

"चौसष्ट धरा. चौसष्ट धरून चाळीसच द्या."

इतका वेळ आवरून धरलेला दुकानदाराचा संयम आता सुटला. "मग हे सगळं कशासाठी केलंत?" तो म्हणाला. "चाळीसची तर तुम्ही पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवायला लावलीत! ती बघा, तिकडे खोक्यात आहे बांधून, पंधरा दिवस झाले. रोज येता, मी रोज विचारतो, काका, नेताय का? आणि तुमचं रोज एकच, घरून एक वजन यायचंय, ते आलं की नेतो. आता आलं ते वजन, तर म्हणता ते धरू नका! काकू, तुम्हीच सांगा, माणसाने करायचं तरी काय?"

ती काट्यावरून उतरली. चपला शोधताना तिचा एक पाय दोनदा दुसऱ्याच चपलेत गेला. ग्रॅमसाहेब खाली वाकले आणि त्यांनी चपला तिच्या पायांसमोर सरळ करून ठेवल्या. दुकानदार खोकं आणायला आत गेला होता, तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता.

खोकं गाडीच्या मागच्या सीटवर आडवं बसलं. दोघं पुढे बसली. ग्रॅमसाहेबांनी किल्ली हातात घेतली होती, पण गाडी सुरू केली नाही. समोरच्या फुटपाथवर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"दीड महिना झाला."

"कशावरून?"

"तू पुढच्या फळीवर बसतेस ना," ते म्हणाले. "होडीचं पुढचं टोक वर राहायला लागलं होतं. आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मग दहा किलोंचा दगड आणून तुझ्या पायाशी ठेवला एका रविवारी. तर होडी पूर्वीसारखी बसली."

"दगड!" ती म्हणाली. "मला म्हणालात, नांगर लहान पडतो म्हणून घेतलाय."

"म्हणालो."

"आणि दीड महिना गप्प बसलात? तोंड नव्हतं तुम्हाला? विचारता येत नव्हतं?"

"विचारलं की," ग्रॅमसाहेब म्हणाले. "रोज विचारतोय."

तिला एकेक वेळ आठवली. दात घासताना. मशीनवर बसलेली असताना. फोनवर बोलत असताना. आज सकाळी, नांगराच्या पलीकडून. पंधरा दिवस एकच प्रश्न, आणि प्रत्येक वेळी तिने उत्तर दिलं होतं, कशाला हवंय.

"असं विचारतात का कुणी?" ती म्हणाली. "बायको आहे मी तुमची. ट्रक आहे का?"

"मला दुसरं कसं विचारायचं ते येत नाही गं," ते म्हणाले. "आणि तुला सांगायचं नसलं तर? म्हणून म्हटलं, तू आपणहून..."

तिची पिशवी अजून त्यांच्याच मांडीवर होती. तिने ती ओढून घेतली, उघडली आणि आतला डॉक्टरीणबाईंचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वरपासून वाचला. तिने त्यांना वाचू दिलं.

"शुक्रवारी आहे," ती म्हणाली. "सकाळी साडेनऊला. उपाशीपोटी जायचंय."

"दोघांनी?"

"उपाशी मी एकटी," ती वैतागून म्हणाली. "यायचं मात्र तुम्ही."

त्यांनी मान हलवली. कागदाची आधीच्याच घड्यांवर घडी घातली, खिशात ठेवला आणि गाडी सुरू करायला हात पुढे केला, तर किल्ली हातातून खाली पडली. वाकून उचलली, तर पुन्हा पडली. मग तिनेच ती उचलली आणि लावून दिली.